फिनोला: ६३ अक्षांशावर हेम्पचं बी पिकलं कसं

तूर उशिरा पेरली की काय होतं हे ज्याने बघितलंय त्याला हे प्रकरण पटकन कळेल. आमच्याकडची जुनी देशी तूर जूनच्या मध्यात पेरा नाहीतर जुलै संपताना पेरा, फुलावर यायची ती साधारण एकाच सुमाराला, फरक एवढाच की वेळेवर पेरलेली डोक्याच्या वर गेलेली असायची आणि उशिराची कमरेएवढीच राहायची. आजोबा म्हणायचे, तिला दिवस कळतो. बरोबरच होतं त्यांचं. दिवस लहान व्हायला लागला, म्हणजे नीट सांगायचं तर रात्र एका ठराविक मापापेक्षा लांब झाली, की हे झाड फुलं धरतं. शेवंतीवाले याच कारणाने रात्री शेतात बल्ब लावतात, फुलं पुढे ढकलायला. भांगेचं झाड, म्हणजे कॅनाबिस, याच जातकुळीतलं. आणि फिनलंडच्या फिनोला या वाणाचं सगळं प्रकरण या एका गोष्टीवर उभं आहे. थंड प्रदेशासाठी वाण तयार करायचा म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात आधी थंडीच येते, माझ्याही यायची, पण इथे अडचण थंडीची नव्हतीच, अडचण उन्हाळ्यातल्या दिवसाच्या लांबीची होती.

आधी एक घोळ मिटवून टाकतो कारण दरवेळी तिथेच गाडी अडते. हेम्प म्हणजे ताग नाही. ताग वेगळा, तो शेंगवर्गातला, आपण हिरवळीच्या खतासाठी गाडतो तो. अंबाडी पण वेगळी, ती जास्वंद-भेंडीच्या घरातली, फक्त तिची पानं भांगेसारखी पंजाच्या आकाराची असतात म्हणून शास्त्रीय नावात हिबिस्कसच्या पुढे कॅनाबिनस लागलंय. हेम्प म्हणजे खरोखर भांगेचीच प्रजाती, कॅनाबिस सटायवा, पण ज्या वाणांमध्ये नशा आणणारं टीएचसी नगण्य आहे आणि जे धाग्यासाठी किंवा बियांसाठी लावतात ते. इथून पुढे मी त्याच हेम्पबद्दल बोलतोय. आणि हेही आत्ताच सांगतो, आपल्याकडे अमली पदार्थांच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली परवानगीशिवाय हे झाड लावणं गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून कुणी कुंडीत बी टाकू नका.

आता परिस्थिती काय होती ते. १ जानेवारी १९९५ ला फिनलंड युरोपियन युनियनमध्ये आलं. हेम्प लावणाऱ्या शेतकऱ्याला युनियनकडून अनुदान मिळायचं पण ते फक्त मंजूर यादीतल्या वाणांनाच. आणि यादीत कोण, तर मुख्यतः फ्रेंच वाण, फेलिना, फेडोरा, फ्युतुरा वगैरे, जे फ्रान्सच्या ४७-४८ अक्षांशाला बसणारे, धाग्यासाठी उंच वाढणारे. हे फिनलंडात लावले की झाड मस्त वाढतं, दोन मीटर, अडीच मीटर, हिरवंगार, लांबून बघणाऱ्याला वाटेल काय पीक आलंय. पण बी पिकत नाही. शेतकऱ्याला जर तेल काढायचंय, बी विकायचंय, किंवा साधं पुढच्या वर्षीसाठी घरचं बी ठेवायचंय तर हातात काहीच नाही, दरवर्षी बी बाहेरून विकत आणा.

का पिकत नाही याचं गणित आपण घरी बसून करू शकतो. कुओपिओ हे शहर धरा, साधारण ६३ अक्षांश उत्तर, फिनोलाचं काम ज्या विद्यापीठात झालं ते तिथलंच. तिथे जूनच्या शेवटी दिवस २० तासांचा असतो. १५ ऑगस्टला १६ तास. १ सप्टेंबरला साडेचौदा तासांच्या आसपास. युरोपातले बहुतेक हेम्पचे वाण दिवस १४ ते साडेचौदा तासांवर उतरल्यावर जोमात फुलायला लागतात, म्हणजे कुओपिओमध्ये तो मुहूर्त ऑगस्ट संपताना येणार. फुलल्यावर परागीकरण होऊन बी भरून टणक व्हायला अजून दीड महिना लागतो. दीड महिना म्हणजे ऑक्टोबरचा मध्य. आणि तिकडे पहिलं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, सप्टेंबरमध्येच पडतं. त्याच्या आधीच पावसाळी, गार, ओली हवा सुरू होते आणि भांगेच्या दाट तुऱ्यात पाणी अडकून राखाडी बुरशी धरते, द्राक्षवाल्यांना बोट्रायटिस हे नाव सांगायला नको, तीच ती. म्हणजे झाडाला फुलायची परवानगी मिळते तेव्हा हंगाम संपलेला असतो.

यात थंडी कुठे आली? हेम्पचं रोप थंडीला बऱ्यापैकी दणकट असतं, जमीन ६-८ अंशांवर असताना उगवतं, कोवळं असताना हलकं दहिवर सहन करतं. उलट तिकडच्या उन्हाळ्यात २० तासांच्या उजेडाने ते सुसाट वाढतं. ऊन भरपूर, पाणी भरपूर, जमीन चांगली, आणि तरी बी नाही. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार विचित्र वाटलं होतं, की जास्त उजेड हीच अडचण असू शकते.

तर मग पाहिजे काय होतं? असं झाड जे दिवस छोटा व्हायची वाटच बघत नाही. उगवून महिना झाला की दिवस कितीही लांब असो, फुलं काढतं. असं झाड कुणी लॅबमध्ये नव्याने बनवणं तेव्हा शक्य नव्हतं. पण ते आधीच कुठेतरी होतं, कारण उत्तर रशियातले शेतकरी शेकडो वर्षं असंच हेम्प पेरत होते.

इथे थोडं मागे जावं लागेल. २०२१ मध्ये आलेल्या एका मोठ्या जीनोम अभ्यासाप्रमाणे भांगेचं झाड पूर्व आशियात सुमारे १२,००० वर्षांपूर्वी माणसाने जवळ केलं. तिथून ते सगळीकडे गेलं, दक्षिणेला आपल्या हिमालयातून खाली, पश्चिमेला युरोपात आणि उत्तरेला रशियाच्या आत आत. प्रत्येक ठिकाणी तिथल्या दिवसाने आणि हंगामाने त्याला तासून काढलं. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तर हेम्पचे गटच अक्षांशाप्रमाणे पाडले होते, उत्तरी, मध्य-रशियन, दक्षिणी. उत्तरी म्हणजे बुटकं, कमी फांद्यांचं, घाईने बी टाकणारं. दक्षिणी म्हणजे उंच, उशिराचं, धाग्याला चांगलं. यात कुणी ब्रीडर, म्हणजे वाण तयार करणारा, लागला नाही, काढणीच्या तारखेनेच निवड केली. एक शेतकरी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात काढणी करतो, त्या दिवशी ज्या झाडावर पिकलेलं बी होतं तेच पुढच्या वर्षी पेरलं गेलं, बाकीची झाडं कितीही देखणी असली तरी त्यांचा वंश तिथेच थांबला. हे दोनशे-तीनशे वर्षं करत रहा, तुमच्याकडे त्या गावाचा वाण तयार होतो.

आणि रानात वाढणारा एक बुटका भाऊ पण आहे. १९२४ मध्ये यानिशेव्हस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने व्होल्गाच्या बाजूला पडीक जमिनीत वाढणाऱ्या भांगेला कॅनाबिस रुडरॅलिस असं नाव दिलं. वेगळी प्रजाती म्हणायची का नाही यावर अजून भांडणं आहेत, ती बाजूला ठेवू. पण त्याने जे टिपलंय ते फार सुंदर आहे. त्या झाडाचं बी पिकलं की आपोआप गळतं, बारीक असतं, त्यावर मार्बलसारखी नक्षी, आणि बुडाशी एक तेलकट मऊ भाग असतो ज्याच्या ओढीने लाल-काळे किडे ते बी ओढून नेतात आणि पसरवतात. शेतातल्या हेम्पचं बी तसं गळत नाही, कारण गळलेलं बी शेतकऱ्याच्या पोत्यात येत नाही. आज जगभर ज्याला ऑटोफ्लॉवर म्हणतात, म्हणजे दिवसाकडे न बघता वयावर फुलणारं, तो गुण याच सगळ्या उत्तरेच्या गोतावळ्यातून आलाय.

आता या उत्तरी वाणांचं बी १९९० च्या दशकात मिळणार कुठे? गावोगावचं हेम्प तोवर बरंच संपत आलं होतं, कापूस आणि नायलॉनच्या दोरांनी त्याची गरजच ठेवली नव्हती. बी होतं सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह इन्स्टिट्यूटमध्ये. निकोलाय वाविलोव्हने जगभर फिरून पिकांची बियाणी जमवली, आणि स्टालिनच्या काळात तुरुंगात, साराटोव्हला, १९४३ मध्ये उपासमारीने गेला. त्याच्या आधीच लेनिनग्राडला वेढा पडला होता, १९४१ ते १९४४, आणि संस्थेतली माणसं तांदूळ, शेंगदाणे, गव्हाच्या पोत्यांमध्ये बसून भुकेने मेली पण बियाण्याला हात लावला नाही. हे मी कितीदा वाचलंय तरी प्रत्येक वेळी थांबायला होतं. जिथे दाणा दाणा मोजला जात होता तिथे यांनी तो पुढच्या पिढीच्या शेतासाठी राखला.

पण सीड बँक म्हणजे तिजोरी नव्हे, की ठेवलं आणि विसरलं. हेम्पचं बी तेलकट आहे, तेल खवट होतं, साध्या साठवणीत काही वर्षांत उगवण घसरते. म्हणजे दर थोड्या वर्षांनी प्रत्येक नमुना परत शेतात लावून ताजं बी धरायला लागतं. आणि इथे भांगेचा स्वभाव आडवा येतो, कारण हे वाऱ्यावर परागीकरण होणारं झाड आहे, नर वेगळा मादी वेगळी, नराचा पराग धुरासारखा उडतो आणि किलोमीटरभर सहज जातो. ज्वारीच्या ब्रीडरला कणसाला पिशवी बांधून काम भागतं, इथे शेजारच्या प्लॉटमध्ये दुसरा नमुना लावला की दोन्हींची सरमिसळ झालीच. शेकडो नमुने, प्रत्येकाला वेगळी जागा, दूर दूर, तीही माणसं आणि डिझेलसकट. सोव्हिएत युनियन कोसळल्यावर संस्थेकडे यासाठी पैसा नव्हता. तेव्हा ॲमस्टरडॅमच्या इंटरनॅशनल हेम्प असोसिएशनने मदत जमवून हा संग्रह परत लावायला, ताजा करायला हातभार लावला. त्या दोन-चार वर्षांत ते झालं नसतं तर पुढचं प्रकरण घडलंच नसतं असं माझं ठाम मत आहे, आणि या कामाचं नाव कुठल्याही वाणाच्या पाकिटावर छापलेलं नसतं.

कुओपिओ विद्यापीठातले जेस कॅलवे, मूळचे अमेरिकन, पेशाने औषधी रसायनशास्त्राचे, यांनी लाक्कोनेन या सहकाऱ्याबरोबर १९९५ मध्ये वाविलोव्ह संग्रहातले दोन लवकर फुलणारे रशियन नमुने घेतले आणि त्यांचा संकर केला. त्या संततीला नाव दिलं फिन-३१४. हेच पुढे फिनोला. कॅलवेंना धागा नको होता, बी पाहिजे होतं, म्हणजे त्यातलं तेल. आणि माझ्या मते निवड चांगली व्हायचं एक कारण हेच, की ब्रीडरला काय पाहिजे ते पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं, नाहीतर धागा पण हवा, बी पण हवं, उंची पण हवी असं करत वाण कशालाच धड राहत नाही.

झाड कसं झालं ते बघा. उंची साधारण छातीएवढी, एक ते दीड मीटर. उगवून २५-३० दिवसांत फुलायला सुरुवात, वरती सूर्य मावळायचं नाव घेत नसताना. पेरणीपासून १०० ते १२० दिवसांत काढणी, म्हणजे मेच्या शेवटाला पेरलं तर सप्टेंबरमध्ये, दहिवराच्या तोंडावर. नर-मादी वेगळेच ठेवले, फ्रेंच वाणांसारखं एकाच झाडावर दोन्ही असं केलं नाही. नर पराग सोडून झाला की वाळून जातो, काढणीपर्यंत शेतात त्याची काडी पण धड उरत नाही, त्यामुळे उरलेली जागा आणि खाद्य मादीला, आणि सगळ्या मादी एकदम पिकतात.

बुटकेपणा ही इथे फार मोठी गोष्ट आहे आणि ज्याने हार्वेस्टर चालवलाय त्यालाच ती कळेल. हेम्पचा धागा इतका चिवट की उंच झाड हार्वेस्टरमध्ये गेलं की फिरणाऱ्या प्रत्येक शाफ्टला गुंडाळून बसतं, बेअरिंगपाशी घट्ट पीळ बसतो, घर्षणाने तापतो, आणि वाळलेला धागा तापला म्हणजे काय होतं ते सांगायला नको. मग मशीन थांबवा, खाली झोपा, सुरीने कापून काढा. फिनोला बुटका, त्याचं बी वरच्या टोकाला, म्हणजे कटरबार उंच ठेवून फक्त शेंडे घ्यायचे आणि चिवट बुडखा तसाच शेतात सोडायचा. धान्य काढायचं जे मशीन शेतकऱ्याकडे आहे त्याच मशीनने काम झालं. नवीन पिकासाठी नवीन मशीन घ्यायला न लागणं यावर अर्धी लढाई ठरते.

काढणीची वेळ साधणं मात्र नाजूक. सगळं बी पिकायची वाट बघितली तर वरचं गळतं आणि पक्षी खातात, पक्ष्यांना हे बी जीव की प्राण आहे, थवेच्या थवे बसतात. म्हणून साधारण ७० टक्के बी पिकलं की ओलं असतानाच काढायचं, आणि काही तासांच्या आत वाऱ्याखाली लावून ओल दहा टक्क्यांच्या खाली आणायची. रात्रभर ढीग राहिला तर सकाळी हात घातल्यावर आत गरम लागतो, ते बी मग तेलाला पण नाही आणि पेरायला पण नाही.

आणि ते बी दिसायला काहीच नाही. इतर हेम्पपेक्षा बारीक, राखाडी-तपकिरी, वर रेघारेघांची जाळी. कुमाऊंहून आणलेलं चटणीचं भांगेचं बी माझ्याकडे डब्यात असतं, ते एक दाताखाली धरून फोडलं की कवच करकन तुटतं आणि आत हिरवट पांढरा गर, अक्रोड आणि सूर्यफूल यांच्या मधली चव. अख्ख्या बीमध्ये तेल ३० टक्क्यांवर, प्रथिनं २५ टक्क्यांच्या आसपास. तेलात निम्म्याहून जास्त लिनोलिक आम्ल, म्हणजे ओमेगा-६, आणि ज्यासाठी लोक जवस खातात ते ओमेगा-३ पण चांगलं. उत्तरेच्या वाणांत अजून एक विशेष आहे, गॅमा-लिनोलेनिक आम्ल, फिनोलात ते ४ टक्क्यांच्या घरात आणि त्याबरोबर स्टिअरिडॉनिक २ टक्के. म्हणजे हंगाम छोटा म्हणून घेतलेल्या वाणात तेलाचा दर्जाही आपोआप वर आला. कॅलवेंना नेमकं हेच पाहिजे होतं.

आता इथपर्यंत सगळं छान, मग अडलं कुठे? कागदावर अडलं. फिनलंडात, ज्या मातीसाठी वाण केला तिथे, युरोपियन यादीत नाव यायला बरीच वर्षं गेली. दरम्यान कॅनडाने १९९८ मध्ये हेम्प परत कायदेशीर केला आणि तिथल्या प्रेअरीत, मॅनिटोबा, सॅस्कॅचवान, अल्बर्टात, जिथे हंगाम असाच तुटपुंजा आणि शेतकऱ्याला धाग्यापेक्षा बी हवं, तिथे फिन-३१४ ने जम बसवला. फिनिश शेतकऱ्याला अनुदान नाही आणि अटलांटिकच्या पलीकडे शेतंच्या शेतं उभी.

यादीत आल्यावर पण टीएचसीचा काटा राहिला. युरोपने मर्यादा आधी ०.३ टक्के ठेवली होती, २००१ च्या सुमारास ती ०.२ वर आणली. फिनोला त्या रेषेला खेटूनच, आणि २००० च्या दशकात मोजणी रेषेच्या वर गेल्यावर अनुदानाच्या यादीतून बाहेर काढलं गेलं. नंतर परत आलं, आणि २०२३ पासून युरोपने मर्यादा परत ०.३ केली. पण मधली वर्षं गेली ती गेली, शेतकऱ्यांचे हंगाम होते ते.

मला इथे मोजणीच्या पद्धतीबद्दल बोलायचंय, कारण ब्रीडरवर हा अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं. नमुना घेतात तो झाडाच्या वरच्या ३० सेंटिमीटरचा, मादी तुऱ्यासकट. तीन मीटरच्या धाग्याच्या झाडाचा हा शेंडा म्हणजे एक दशांश भाग, त्यात तुरे विरळ. दीड मीटरच्या बियांच्या झाडाचा हाच शेंडा म्हणजे गच्च तुरा, जिथे राळेच्या ग्रंथी सगळ्यात दाट. एकच पट्टी दोन वेगळ्या पिकांना. आणि ०.३ हा आकडा तरी कुठून आला, तर १९७६ मध्ये अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉन्क्विस्ट या वनस्पतीशास्त्रज्ञांनी वर्गीकरणासाठी रेघ कुठेतरी मारायची म्हणून मारली, ओटावात वाढवलेल्या झाडांवरून, आणि ती रेघ मनानेच मारलीय असं स्वतः लिहिलं पण. ती वर्गीकरणाची रेघ पुढे कायद्यात गेली आणि सगळ्या अक्षांशांना लागू झाली.

फिनोलात नशा नाही हे तर जनुकांनी पण दाखवलंय. २०११ मध्ये कॅनडाच्या टीमने भांगेचा पहिला जीनोम प्रसिद्ध केला, पर्पल कुश या गांजाच्या वाणाचा, आणि तुलनेला घेतला फिनोला. पर्पल कुशच्या तुऱ्यात टीएचसीचं आम्ल बनवणारं एन्झाइम चालू होतं, फिनोलात त्याच्या जागी सीबीडी या नशा न आणणाऱ्या घटकाचं. आणि २०२४ मध्ये डब्लिनच्या एका टीमने फिनोलाचा संकर करून दिवसाकडे न बघण्याचा गुण जीनोममध्ये कुठे बसलाय ते शोधलं, आणि तिथे सापडला एफटी जनुकाचा भाऊबंद, भातापासून मोहरीपर्यंत फुलायची वेळ ठरवणारं घराणंच ते. रशियातल्या अनाम शेतकऱ्याने विळ्याने जे निवडलं होतं त्याचा पत्ता असा इतक्या वर्षांनी मिळाला.

मग आपण फिनोला आणावा का? हा प्रश्न मला दोन-तीन जणांनी विचारलाय, एकाने तर विदर्भात करार शेतीचा प्लॅन पण सांगितला. माझं उत्तर नाही. परवान्याचा भाग सोडा, नुसतं झाड म्हणून बघा. पुण्यात वर्षातला सगळ्यात मोठा दिवस १३ तास १२ मिनिटांचा, नागपुरात जेमतेम १३ तास २५. युरोपचा कुठलाही वाण इथे वर्षभर छोट्याच दिवसात असतो, म्हणजे उगवला की फुलायची घाई. आणि फिनोला तर त्याचीही वाट बघत नाही, त्याचं वाढीचं इंजिन २० तासांच्या उजेडावर चालणारं, ते १३ तासांवर महिनाभरात गुडघ्याएवढं झालं की तुरा काढून मोकळं होणार. उशिरा पेरलेली तूर आठवा, त्याच्याही वरची गत. आपल्या अक्षांशाचं भांगेचं झाड याच्या बरोबर उलटं असतं, लांब हंगामाचं, बारीक पानांचं, पावसाळा पचवून हिवाळ्यात पिकणारं, १८९३-९४ च्या इंग्रज सरकारच्या हेम्प ड्रग्ज कमिशनने तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या गांजाच्या शेतीची नोंद केली ते तसलं. त्यात नशा होती, म्हणून हेम्पला ते चालणार नाही.

भारतात समशीतोष्ण हेम्पचा खरा प्रश्न आहे तो उत्तराखंडात. एनडीपीएस कायद्याच्या कलम १४ मध्ये धागा आणि बियांसाठी परवानगीची सोय पहिल्यापासून आहे, उत्तराखंडाने २०१८ मध्ये ती पहिल्यांदा वापरली, टीएचसी ०.३ च्या आत या अटीवर. २०२१ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, हेम्पचं बी, तेल, पीठ खाद्य म्हणून मान्य केलं. अल्मोड्याला सगळ्यात मोठा दिवस १४ तासांचा, उंचीमुळे गारवा, कुमाऊंच्या स्वयंपाकघरात भांगेच्या बियांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या, जुन्या लोकांना त्याच्या धाग्याचं कापड आठवतं. म्हणजे तिथल्या डोंगराला बसलेला वाण आहे, माणसांना तो कळतो पण. फक्त त्यात टीएचसी ०.३ च्या वर जातं. परदेशी कमी-टीएचसी बी आणलं तर ते १४ तासांवर बुटकं राहून लवकर फुलणार. म्हणून फिनोलावाल्यांनी केलं तेच, आपल्याच अक्षांशाच्या झाडांतून निवड, एवढाच रस्ता मला दिसतो.

आणि त्या रस्त्यात एक अडचण आहे जी कॅलवेंना नव्हती. फिनलंडच्या रानात भांग उगवत नाही. कुमाऊंमध्ये ती प्रत्येक उतारावर, रस्त्याच्या कडेला, गोठ्याच्या मागे उभी आहे. तुम्ही चार वर्षं राबून कमी टीएचसीच्या मादी निवडाल आणि एका दुपारी वरच्या धारेवरून वारा सुटेल, रानातल्या नरांचा पिवळा पराग खाली येईल, आणि पुढच्या बियाण्यात टीएचसी परत चढलेलं असेल. म्हणून बियाण्याचा प्लॉट कुठल्या खोऱ्यात टाकायचा, त्याच्या आसपासचे नर फुलायच्या आत कोण उपटणार, आणि त्या खोऱ्यातली सगळी घरं चटणीसाठी पण तेच बी लावायला तयार होतील का, हे तिथल्या बायकांशी बसून बोलायला लागेल, कारण दरवर्षीचं बी डब्यात त्याच राखतात.